नऊ तासांचे सूत

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराला साष्टांग वंदन करून, गेल्या माघात आम्हांला सोडून गेलेले माझे स्नेही, पिशोरचे मल्हारराव, यांच्या स्मरणार्थ या ओळी लिहीत आहे. वाणी त्या परमेश्वराची. जिथे ती अडखळेल, तिथे ती माझी समजावी.

आमची शेवटची भेट मंगळवारी पहाटे झाली. शहराच्या पूर्वेला, विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला लागून त्यांचे दोन खणांचे घर आहे. मी गेलो तेव्हा बाहेर धुके होते आणि आत मल्हारराव वळकटीला पाठ टेकून सूत कातीत बसले होते. उजव्या हाताशी टकळी फिरत होती, डाव्या हातात पिंजलेल्या लोकरीचा पेळू होता. हृदय थकले आहे, आता घरीच न्या, असे सांगून डॉक्टरांनी चारच दिवसांपूर्वी त्यांना घरी पाठवले होते. त्यांची एकुलती एक लेक बानू लंडनजवळच्या रुग्णालयात परिचारिका आहे. ती निघाल्याचा निरोप आला होता. मला पाहताच त्यांनी टकळी न थांबवता विचारले, “गुरुजी, इमान सुटलं का?” मी म्हणालो, “आपल्याकडे तीन वाजले तेव्हा सुटले असेल.” त्यांचा चेहरा उजळला. “मंग म्या बरोबर धरलं. तीनच्या ठोक्यालाच पहिला पेळू लावला.” मी म्हणालो, “थोडे पडा आता.” तर हसले. “येताना नऊच तास लागत्यात. एवढं कातून होऊ द्या, मंग झोपतोच की लई...” माझी पूजा राहिली होती. दहापर्यंत परत येतो, असे सांगून मी निघालो. नवाच्या सुमारास, मी देवापुढे बसलो असताना, त्यांचा जुना सोबती किसन सायकलवरून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून एवढेच म्हणाला, “गुरुजी, टकळी थांबली.”

त्या वेळी माझ्या अंगावर सोवळ्याची धाबळी होती. तिची लोकर मल्हाररावांनीच कातलेली. मी तिचा पदर हातात धरून किती वेळ बसलो होतो, ते मला सांगता येणार नाही. विमान अजून तीन तास आकाशात असणार होते.

मल्हाररावांना मी प्रथम पाहिले त्याला आता बावीस-तेवीस वर्षे झाली असतील. काशीहून एक विद्वान आमच्या पाठशाळेत येणार होते आणि त्यांना आणायला मला विमानतळावर धाडले होते. तोवर मी विमान जवळून पाहिलेले नव्हते. धावपट्टीच्या कडेला लाल मुंडासे बांधलेला एक उंच, काटक माणूस काठी खांद्यावर टाकून उभा होता आणि कातीत होता. तेवढ्यात दोन गाई गवतातून धावपट्टीकडे निघाल्या. त्याने टकळी कमरेला खोचली, जीभ टाळूला लावून एक लांब शीळ घातली आणि ‘हुर्रर्र’ म्हणत पळत सुटला. गाई अशा वळल्या, जणू त्यांना आपली चूक आधीपासून ठाऊक होती. परत आल्यावर तो मला म्हणाला, “कोन येनार हाय? मुंबईहून व्हय? अजून येळ हाय. माझं सूत झालं नाय अजून.” मला काही उमगेना. मग त्याने समजावले. मुंबईहून विमान सुटल्याचे कचेरीत कळले की तो टकळी फिरवू लागे आणि चाके जमिनीला टेकली की थांबे. मुंबईचे अंतर त्याच्या लेखी लिंबाएवढी सुताची एक गुंडी होते.

पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणाऱ्या घरातला हा माणूस. पिशोरच्या डोंगरातून पावसाळा संपता संपता कळप खाली उतरायचा आणि आमच्या शहराच्या पूर्वेच्या माळावर बसायचा. त्या माळावर कारखाने आले. आधी खांब रोवले गेले, मग भिंती उठल्या, मग भोंगे वाजू लागले. एका वर्षी मल्हारराव कळप घेऊन आले, तर नेहमीच्या वाटेत फाटक आणि फाटकावर पहारेकरी. “त्यो बी आपल्याच गावचा निघाला,” ते सांगत. “म्हनला, मामा, मेंढरं वळवा. म्या म्हनलं, मेंढरं वळतील रं, पर माळ कुठं वळवू?” चराईच गेल्यावर कळप विकला आणि ज्या माळावर मेंढरे चारली, त्याच माळावरच्या विमानतळात गुरे-ढोरे हाकलण्याची नोकरी धरली. यात विनोद आहे हे त्यांना कळत असे. ते स्वतःच तो सांगत आणि स्वतःच हसत. कडवटपणा मी त्यांच्या बोलण्यात कधी ऐकला नाही.

मी पाठशाळेत संस्कृत शिकवी आणि पंचांगाचे गणित करी. शाळा सुटल्यावर दिल्ली दरवाजाजवळच्या माझ्या ओट्यावर मल्हारराव येऊन बसू लागले, आणि तिथे आमचा एक खेळ जमला, जो वीस वर्षे चालला. अजिंठा-वेरूळ पाहायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना ते वाटाड्यामार्फत विचारीत, कुठून निघालात, मधे कुठे उतरलात, किती तास लागले. संध्याकाळी ती दोन गावे माझ्यापुढे ठेवीत. “आज टोकियो अन् रोम. सांगा.” मी अक्षांश-रेखांश काढून, चापाचे गणित करून अंतर सांगे, अंश-कलांत आणि कोसांत. ते तेवढ्या तासांचे सूत चार-पाच संध्याकाळी बसून कातीत आणि गुंडी करून दुरडीत टाकीत. “तुमचं अंतर, माझा येळ,” असे म्हणत. ज्या गावांची नावेही आमच्यापैकी कोणी नीट उच्चारू शकत नव्हते, ती गावे त्या दुरडीत एकमेकांना लागून निजलेली असत... कधी कधी दिवेलागणीला ते एखादी गुंडी तळहातावर तोलून धरीत आणि मला वाटे, समुद्र, वाळवंट, बर्फाचे डोंगर, सारे त्या करड्या लोकरीत गुंडाळून शांत झाले आहे.

एक गोष्ट त्यांनी माझ्या आधी ओळखली. मुंबईहून लंडनला जायला दहा तास आणि यायला नऊ, असे पाहुण्यांनी वारंवार सांगितले, तेव्हा मी म्हणालो की अंतर दोन्हींकडून सारखेच असते. कुणाची तरी ऐकण्यात चूक होत असावी. ते मान हलवीत म्हणाले, “नाय गुरुजी. वर वारं हाय, उगवतीकडं जानारं. जाताना तोंडावर घ्यावं लागतं, येताना पाठीवर येतं.” पुढे एका वैमानिकाने हेच सांगितल्याचे कळले. मल्हाररावांनी त्याचा एवढाच अर्थ घेतला की घरी येताना सूत कमी लागते.

याच वर्षांत आमच्या विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटला. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात काय घडले, ते वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. मी त्याचे वर्णन करायला योग्य माणूस नव्हे. मी ते दाराआडून पाहिले. खेड्यांत दलित वस्त्या जळत होत्या, एस.टी. बंद होती, शहरात संचारबंदी होती. विमान मात्र रोज वेळेवर येई. किसन विमानतळावर झाडलोट करी. त्याची म्हातारी आई गिरजाबाई पिशोरकडच्या एका खेड्यात एकटी अडकली होती आणि कुणी तिकडे जायला तयार नव्हते. मल्हाररावांनी रजा टाकली आणि चालत निघाले. जाताना मला म्हणाले, “मुंबईचा मानूस पाऊन तासात येतोय, अन् किसनची माय तीन मुक्कामांवर हाय. हे कसलं गनित म्हनायचं, गुरुजी?” मेंढरांच्या जुन्या वाटांनी, गावे टाळीत, ओढ्याकाठी थांबत, त्यांनी त्या म्हातारीला तिसऱ्या दिवशी भर दुपारी शहरात आणले. पुढे संचारबंदी होती, म्हणून ते माझ्या ओट्याशी आले.

गिरजाबाईंनी पाणी मागितले.

इथे मला सत्य लिहिले पाहिजे. मी दारात उभा होतो. आत माठ होता. आणि माझे पाय हलले नाहीत. लहानपणापासून अंगात मुरलेले कुठले तरी ओझे मला तिथे धरून राहिले. किती क्षण गेले, ते मी अनेकदा मोजण्याचा प्रयत्न केला आहे. मग माझी पत्नी माझ्या बाजूने पुढे झाली, तांब्या-भांडे घेऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, “सावकाश प्या, आजी. आणखी आहे.” म्हातारी तीन भांडी पाणी प्याली. संचारबंदी सुटेपर्यंत ती आमच्या माजघरात झोपली. पण ते सारे माझ्या पत्नीचे पुण्य होते. चार-आठ दिवसांनी मल्हारराव नेहमीसारखे ओट्यावर आले, टकळी काढली आणि कातता कातता म्हणाले, “आज लांबची गावं नकोत. ह्या ओट्यापास्नं तुमच्या माठापातूर किती अंतर, ते सांगा.” मी म्हणालो, “सात-आठ पावले.” त्यांनी तुटलेले सूत पुन्हा जोडले. मग म्हणाले, “तीन दिस चालली म्हातारी. कुरकुरली नाय. शेवटची सात पावलं मातर लई लांब पडली तिला.” त्यात टोमणा होता की नुसती हळहळ, ते मला कळले नाही. त्या दिवसापासून माझ्या ओट्यावर पाण्याने भरलेला माठ असतो. तो रोज मी स्वतः भरतो.

बानू त्या काळी शाळेत होती. खंडोबाच्या बाणाईवरून ठेवलेले नाव, आणि स्वभावही तसाच, निर्भय. तिने घाटीच्या दवाखान्यात परिचारिकेचे शिक्षण घेतले. तोवर शहराभोवती नवे कारखाने वाढले होते. परदेशी अभियंते येऊन महिना महिना राहत आणि सकाळच्या विमानातून तऱ्हेतऱ्हेची माणसे उतरत. “दादा, ही माणसं इकडं येऊ शकतात, तर मी तिकडं का नाय?” असे तिने विचारले. लंडनजवळच्या रुग्णालयात तिची निवड झाली. कागदपत्रांसाठी ती आधीच मुंबईला गेली आणि तिथून तिने पत्र पाठवले. मल्हाररावांना वाचता येत नसे. पत्र माझ्याकडे आले. त्यात लिहिले होते, “बुधवारी रात्री एक वाजता विमान आहे. दादांना घेऊन या. दादा आल्याशिवाय मी आत जाणार नाही.”

माझ्या हातून आयुष्यात झालेली सर्वांत मोठी चूक ती. आमच्या शास्त्रात वार सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढल्या सूर्योदयाला संपतो. बुधवारी रात्री एक म्हणजे बुधवार मावळल्यानंतरची, गुरुवार उजाडण्यापूर्वीची रात्र, हे मला इतके स्वयंसिद्ध होते की मी दुसरा विचारच केला नाही. विचार केला तो मल्हाररावांनी. “गुरुजी, इमानाचा वार बी सूर्य उगवल्यावरच बदलतो का?” आणि मी, चाळीस वर्षे पंचांग केलेला मनुष्य, पुस्तक मिटीत म्हणालो, “वार सगळ्यांचा एकच असतो, मल्हारराव.”

बुधवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे निघालो. त्यांनी लेकीसाठी नवे घोंगडे घेतले होते, दुरडीतल्या कितीतरी गुंड्या मोडून विणून घेतलेले. दिवेलागणीनंतर आम्ही विमानतळाच्या दारात पोहोचलो. तिथल्या माणसाने तारीख पाहिली आणि सांगितले की ते विमान काल मध्यरात्रीनंतर गेले. घड्याळाचा वार मध्यरात्री बदलतो, हे मला त्याने, माझ्या नातवाच्या वयाच्या मुलाने, फार सौजन्याने समजावून सांगितले. पुढे बानूच्या पत्रातून कळले की ती शेवटची हाक होईपर्यंत दारात उभी होती आणि प्रत्येक लाल मुंडाशाकडे पाहत होती.

मी मल्हाररावांच्या पायांवर हात ठेवायला वाकलो. त्यांनी मला मध्येच धरले. “आवो, आवो... काय करताय? लोकं काय म्हनतील?” मग घोंगड्याची घडी मांडीवर घेऊन ते फाटकाबाहेर बसले. बऱ्याच वेळाने विचारले, “आपल्या येष्टीला घरी जायला किती तास?” मी म्हणालो, “दहा.” “अन् मुंबई-लंडन?” “दहा.” “सारखंच की मंग. चला.” परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी टकळी काढली. घाट चढताना, नाशिकात चहाला थांबल्यावर, उजाडताना येवल्याच्या पुढच्या माळावर, ते कातीतच होते. गाडी आमच्या शहरात शिरली, तसे त्यांनी सूत तोडले, गुंडी केली आणि म्हणाले, “उतरली लेक.” ती गुंडी नारळाएवढी होती. त्या दिवसानंतर त्यांनी ती चूक कधी उच्चारली नाही. मला मात्र शास्त्रातली देशांतराची व्याख्या पुन्हा पुन्हा आठवे. मधे महानदी यावी, पर्वत यावा, किंवा वाणी बदलावी, म्हणजे ते देशांतर. बानू आणि तिच्या बापाच्या मधे समुद्र होता, पर्वत होते, परकी भाषा होती. त्यांत मी एका दिवसाची भर घातली होती.

ती दोन वेळा येऊन गेली. पहिल्या खेपेला घोंगडे घेऊन गेली. मल्हारराव निवृत्त झाले, तरी कुंपणाशी उभे राहून मुंबईच्या विमानाचे सूत कातीत. चार शेळ्या पाळल्या होत्या, त्या मागे-मागे असत. यंदाच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. किसन तिळगूळ घेऊन माझ्याकडे आला, मल्हाररावही होते. माझ्या माठातले पाणी पिऊन किसन म्हणाला, “आई असती तर नाचली असती आज.” मल्हारराव म्हणाले, “सोळा वर्सं. याचं सूत कातलं असतं, तर आख्ख्या गावाला घोंगडी झाली असती.” आम्ही तिघे हसलो. हसता हसता मल्हाररावांनी छातीवर हात ठेवला... ती दुखण्याची सुरुवात होती.

आता पुन्हा त्या मंगळवाराकडे येतो.

मी पोहोचलो तेव्हा पिशोरहून आलेली भावकी अंगणात बसली होती. चुलतभाऊ नामदेव नाना त्यांत वडील. त्यांचे म्हणणे रास्त होते. दुपारपर्यंत उरकावे, मातीला ताटकळत ठेवू नये. मल्हाररावांची पत्नी सोनाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, “लेक येतीय. लेक येतीय.” मी नानांना म्हणालो, “बानूचे विमान बारा वाजता मुंबईला उतरेल. संध्याकाळच्या विमानाने साडेपाचला ती इथे येईल. सूर्यास्त सव्वासहानंतर आहे. तोवर थांबू.”

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिले. “कवा निघाली म्हनं ती?”

“सोमवारी रात्री साडेनऊला.”

“कोनचा सोमवार, गुरुजी? तिथला का हितला?” अंगणातली माणसे माझ्याकडे वळली. “मागं एकदा तुमचा हिशेब चुकला व्हता. मल्हारी बोलला नाय कदी, पर आमाला ठावं हाय. तवा जित्या मानसाची भेट हुकली. आता मेलेल्या मानसाला ताटकळत ठेवताय, अन् पोरगी उद्या आली, तर?”

त्यांचे खोटे नव्हते. मी उठलो आणि विमानतळाच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूला म्हटले, “मी पंचांगकर्ता आहे, मला वार कळत नाही. कृपा करून मला समजावून सांगा.” त्याने कागदावर लंडनची घटका आणि आपली घटका एकाखाली एक लिहून दिली. सोमवारी रात्रीचे साडेनऊ तिथे, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन. उतरणार मंगळवारी, आजच, बारा वाजता. तो कागद मी नानांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हते. तरी त्यांनी तो उलटसुलट पाहिला, घडी करून मुंडाशात खोवला आणि म्हणाले, “बरं. सूर्य टेकेस्तवर. त्याच्या म्होरं नाय.” थांबण्यासाठी शास्त्राधार मी शोधत बसलो नाही. चुकले असेल तर ते माझ्या माथी असो, एवढीच प्रार्थना केली.

तो दिवस माझ्या स्मरणात पाण्याखालून पाहिल्यासारखा आहे. ऊन सरकत होते. मल्हारराव शांत निजले होते. उशाशी टकळी होती, तिच्यावर सहा तासांचे सूत आणि सुताच्या टोकाला अर्धा पेळू तसाच लोंबत होता. साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले. विमान दिसेना. भिंतीची सावली अंगण ओलांडून गेली. नाना उठले, धोतर झटकले, काही बोलणार, तोच पश्चिमेकडून, उतरत्या सूर्याच्या बाजूने, एक ठिपका आला. मोठा होत खाली आला. चाके दिसू लागली... आणि एकाएकी ते गर्जत पुन्हा वर उठले आणि आमच्या माथ्यावरून निघून गेले.

सोनाबाई किंचाळली, “शेरडं!”

दिवसभर कुणी मल्हाररावांच्या शेळ्या बांधल्या नव्हत्या, चारल्याही नव्हत्या. तारेतली एक फट त्यांना ठाऊक होती. रोज या वेळी मालक जिथे उभा राही, तिथे त्या त्याला शोधीत गेल्या होत्या आणि धावपट्टीच्या मधोमध उभ्या होत्या. नव्या राखणदाराने लांबून काठी उगारली, तशा त्या अधिकच पांगल्या. विमान वर वळसा घेत होते. सूर्य क्षितिजापासून दोन हातांवर होता.

तेव्हा नामदेव नाना, सत्तरीचे, धोतराचा काचा मारून पळाले. त्यांच्यामागे भावकीतले आणखी दोघे. फटीतून शिरले, पांगलेल्या शेळ्यांना तिघांनी तीन बाजूंनी घेतले, आणि नानांनी जीभ टाळूला लावून ती शीळ घातली. तीच. बावीस वर्षे मी जी मल्हाररावांच्या तोंडून ऐकली होती. शेळ्यांनी माना वर केल्या आणि एका रांगेत त्यांच्यामागे चालू लागल्या. “हुर्रर्र! लवकर, बाई, लवकर! तुझ्या धन्याची लेक वर टांगलीय!” नाना धापा टाकीत ओरडत होते. विमान वळून आले आणि उतरले.

बानू आली ती खांद्यावर घोंगडे घेऊन. ते तिने बापाच्या अंगावर पसरले, कडा नीट खोचल्या, जसे ती आपल्या रुग्णांना करीत असेल. रडली ती नंतर. आधी नानांकडे वळून म्हणाली, “काका, इमान वर फिरलं, तवा मी खिडकीतून पाहत होते. खाली तीन लाल मुंडाशी पळत होती. मी शेजारच्या बाईला सांगितलं, ते पाहा, ते माझे दादा...”  नानांनी मुंडाशातला कागद काढून तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट दाखवले. “गुरुजींचा हिशेब. बराबर निघाला.” सूर्य टेकला, तेव्हा आम्ही निघालो होतो.

दिवसकार्य उरकल्यावर, बानू परत जाण्यापूर्वी माझ्याकडे आली. माझ्या माठातले पाणी प्याली आणि ती टकळी, तिच्यावरच्या सुतासकट, माझ्यापुढे ठेवली. “गुरुजी, सहा तासांचंच झालंय. तीन तासांचं राहिलंय.” मी म्हणालो, “मुली, मला कातता येत नाही.” “दादांना तरी कुठं गनित येत होतं?” ती म्हणाली.

तेव्हापासून सायंसंध्या झाली की मी ओट्यावर बसतो, माठाशेजारी. सूत तुटते, गाठी पडतात. किसन कधी कामावरून जाताना थांबतो आणि हसतो, “गुरुजी, ही तर सुतळी झाली!” मल्हाररावांच्या सहा तासांचे सूत एकसारखे आहे, त्याला जोडलेले माझे खडबडीत. चैत्र सरत आला, तरी माझे तीन तास अजून संपलेले नाहीत, आणि खरे सांगायचे तर ते लवकर संपावेत, अशी मला घाईही नाही. सूर्य मावळतीला टेकला की पश्चिमेकडून मुंबईचे विमान येते. त्याचा आवाज कानी पडला की मी हात थांबवून पूर्वेकडे कान देतो... आणि त्या माळावरून एक लांब शीळ आल्याचा मला रोज भास होतो.

ज्यांनी या ओळी इथवर वाचल्या, त्यांच्या घरादारावर श्रीघृष्णेश्वराची कृपादृष्टी असो. तुमच्यापैकी ज्यांची लेकरे समुद्रापलीकडे आहेत, त्यांच्या पाठीशी वारा असो आणि घरची वाट त्यांना जातानापेक्षा येताना जवळची होवो. तुमच्या ओट्यावरचा माठ कधी रिता न राहो. आणि त्याच्यापर्यंतची सात पावले कुणालाही लांब न पडोत. शुभं भवतु.